भादव्यातलं औषध

काल सकाळी गोठ्यामागच्या पिंपाचं झाकण काढलं. महिनाभर मुरलेल्या पाल्याचा वास आधी नाकात येत नाही, घशात येतो. कडुनिंबाचा कडवटपणा, लसूण-मिरचीचा झणका, गोमूत्राची धार आणि या सगळ्याच्या खाली पाणथळ जागी सडलेल्या पानांचा एक आंबूस, जुना वास. वर तपकिरी फेस आला होता. काठीनं ढवळला तर तळातून बुडबुडे आले, जणू कुणी खाली श्वास धरून बसलं होतं. सुमन, माझी बायको, वाळत घातलेले कपडे काढून पुढच्या अंगणात घेऊन गेली. दर वर्षी ती तेच करते.

भादवा लागला की आमच्या डिंगोऱ्यात दिवसाला दोन तोंडं असतात. सकाळी माळशेजकडून ढग उतरतात, समोरचा डोंगर दिसत नाही. अकराच्या सुमाराला अचानक ऊन पडतं आणि ते ऊन साधं नसतं. ओल्या जमिनीतून वाफ वर येते, अंगातला सदरा पाठीला चिकटतो, तार-बांबूवर चढलेल्या टोमॅटोच्या ओळींत हवा कोंडून राहते. याच दिवसांत अळी फळात शिरते. पानाखाली पांढरी माशी बसते, फांदी हलवली की राख उडावी तशी उडते. जुन्नरच्या शाळेत मी लेखनिकाचं काम करतो, पण या पंधरवड्यात माझं लक्ष कागदावर नसतं. खिडकीबाहेर ऊन पडलं की मी पेन खाली ठेवतो.

आम्ही विषाला औषध म्हणतो. लहानपणापासून म्हणतो. ‘औषध मारलं का?’ ‘औषध आणायला जुन्नरला गेलेत.’ कुणी ते पिऊन मेलं तरी ‘औषध घेतलं’ असंच म्हणतात. या शब्दाची मला कधी गंमत वाटली नाही आणि कधी भीतीही वाटली नाही, कोंडिबा जाईपर्यंत.

कोंडिबा आंबेगावच्या डोंगरातला, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला त्याची वाडी होती. तिकडं भाताची लावणी उरकली की माणसं कामासाठी खाली देशावर उतरतात. कोंडिबा सलग चार भादवे आमच्याकडं आला. बुटका, घट्ट अंगाचा, चालताना किंचित पुढं झुकलेला. बोलायचा कमी. पण फवारणीचा पंप पाठीवर घेतला की तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणायचा, आणि दांड्याची खटखट त्या गुणगुणण्याला ताल धरायची. त्या वेळी आमच्याकडं हातपंपच होते. डाव्या हातानं दांडा वरखाली करायचा, उजव्या हातात नळी. त्याच्या पंपाचा वॉशर गेला होता आणि पट्ट्यापाशी थेंब थेंब गळायचं. मला ते माहीत होतं. या आठवड्यात बदलू, त्या आठवड्यात बदलू, असं चाललं होतं.

त्या वर्षी अळी काही केल्या मरत नव्हती. तीन फवारण्या झाल्या होत्या. चौथ्या वेळी मी ठरलेल्या औषधाची दोन टोपणं टाकायची ती तीन टाकली, आणि घरात पडलेली दुसऱ्या औषधाची अर्धी बाटलीही त्यातच ओतली. असं करू नये हे बाटलीवर लिहिलेलं होतं. मी शिकलेला माणूस, मला वाचता येत होतं.

तिसरा पंप भरायला कोंडिबा विहिरीपाशी आला तेव्हा दुपारचे साडेबारा झाले असतील. सदरा पाठीवर ओला होता. मला वाटलं, घाम असेल. तो म्हणाला, "भाऊ, आज वास लई उग्र हाय. डोकं गरगरतंय."

मी म्हणालो, "दोनच पंप राहिलेत. वारा पाठीवर घे आणि उरकून टाक."

त्यानं पंप भरून घेतला. ओळीच्या तोंडाशी जाऊन पुन्हा एकदा मागं वळून तेच म्हणाला. मी हातानंच चल म्हणून खूण केली. मग खटखट सुरू झाली. मी बांधावर बसून पुढच्या पंपाचं औषध कालवत होतो. थोड्या वेळानं लक्षात आलं की गुणगुणणं ऐकू येत नाही. नंतर खटखटही थांबली.

तो ओळीच्या मध्यावर खाली बसला होता, पाठीवरच्या पंपाला टेकून. तोंडातून लाळ गळत होती, दंडाचे स्नायू आपोआप फडफडत होते. डोळ्यांची बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. माझ्याकडं बघत होता, पण मी दिसत होतो की नाही कोण जाणे. शेजारच्या शेतातला एक जण धावत आला. दोघांनी मिळून त्याला पिकअपमध्ये घातलं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध होतं, किती होतं. मी एक बाटली दाखवली आणि दोन टोपणं म्हणून सांगितलं. दुसरी बाटली मी निघण्याआधी विहिरीच्या कठड्यामागं सारली होती. कधी सारली, ते मला आठवत नाही. हातांनी केलं, डोक्याला विचारलं नाही. कोंडिबा बोलायचा प्रयत्न करत होता, पण जीभ जड झाली होती, शब्द एकमेकांवर पडत होते. मागं उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं, प्यायला होता का हा. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

मी म्हणालो, "असेल."

एवढा एकच शब्द. त्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला. पण माझा तो शब्द त्याच्याआधीच घोडेगाव ओलांडून डोंगरात पोचला होता. पिऊन फवारत होता, तोंडाला फडकं बांधलं नव्हतं, मालकानं सांगूनही ऐकलं नाही. एकाचं दुसऱ्याला, दुसऱ्याचं तिसऱ्याला. कोंडिबा सणावाराला घ्यायचा, तिकडं सगळेच घेतात, म्हणून कुणाला ते खोटं वाटलं नाही. मी दहाव्याला गेलो, धान्याची दोन पोती उतरवली आणि बायाबापड्यांच्या घोळक्यात मान खाली घालून बसलेल्या त्याच्या बायकोकडं दुसऱ्यांदा न बघता परत आलो.

त्यानंतर मी बदललो असं सांगायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. मी फवारणी थांबवली नाही. स्वतः पंप उचलला नाही, इतकंच. दुसऱ्यांच्या पाठीवर दिला. गळका पंप भंगारात घातला, बॅटरीचा आणला. तो नुसता गुंगुं करत चालतो. तरीही भादव्यात, ढग फाकून ऊन पडलं की त्या ओळींतून मला दांड्याची खटखट ऐकू यायची. सुरुवातीला मी उठून बघायला जायचो. टोमॅटोची पानं हलत असायची, बाकी कुणी नसायचं. मग मी जायचं सोडलं. कोंडिबा बसला होता ती ओळ पाण्याला चांगली, फळ मोठं धरायची, आणि तिथला टोमॅटो मी कधी तोंडात घातला नाही.

अशी आठ वर्षं गेली. नवव्या वर्षी तोडणी करताना सुमनचे दोन्ही हात मनगटापर्यंत सुजले, कातडी सोलून निघाली. तिनं आरडाओरडा केला नाही. हाताला खोबरेल लावत म्हणाली की आता या बाटल्या घरात नकोत, आणल्या तर मी शेतात पाय ठेवणार नाही. कृषी सहायकानं झाडपाल्याच्या अर्काची कृती लिहिलेला एक कागद दिला होता, तो तिनं पत्र्याच्या पेटीतून शोधून काढून माझ्यापुढं ठेवला. आणि त्याच आठवड्यात गाडीतून कामाला आलेल्या बायकांमध्ये हिराबाई होती. कोंडिबाची बायको.

मी तिला लगेच ओळखलं. ती बांधावर उभी राहून आमच्या विहिरीकडं बघत होती. मला वाटलं, आता ही शिव्याशाप देईल, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं. ती जवळ आली, पदर नीट केला आणि म्हणाली, "भाऊ, आमच्या मानसानं तुमाला लई तरास दिला. पिऊन कामाला यायचं, म्हंजी काय ते. तुमचं नाव खराब व्हायची येळ आणली व्हती."

ती माझी माफी मागत होती.

बहुधा चहा घे म्हणालो असेन.

त्या सालचा भादवा माझ्या अंगावरून अजून उतरलेला नाही. पाला गोळा करायचं काम हिराबाईनं आपणहून अंगावर घेतलं. कागदावर दहा झाडांची नावं होती, पण तिला कागदाची गरज नव्हती. दाण्यात निरगुडीचा पाला घालून ठेवला की टोक्यांची कीड लागत नाही, हे तिच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. ओढ्याच्या कडेची निरगुडी, बांधावरची रुई, देवळामागचा करंज, पडीक रानातली घाणेरी, सीताफळ, एरंड, पपई. ती पुढं आणि मी पोतं घेऊन मागं. रुईची फांदी मोडली की पांढरा चीक ठिबकायचा, तो डोळ्याला लागू नये म्हणून ती मला बाजूला व्हायला सांगायची. कण्हेरीला हात लावण्याआधी तिनं मला दरडावलं होतं. झाडाचं आहे म्हणून गरीब समजू नका, म्हणाली, ही गाय पाडते. पाला ठेचून झाला की राखेनं हात कोपरापर्यंत घासून घेतल्याशिवाय ती भाकरीला शिवायची नाही, आणि मलाही शिवू द्यायची नाही. ज्या माणसानं तिच्या नवऱ्याला पुन्हा ओळीत पाठवलं होतं, त्याचे हात धुतले गेले की नाही हे ती रोज बघत होती.

पिंप भरलं. शेण, गोमूत्र, ठेचलेली मिरची, लसूण, पाणी. वर गोणपाट बांधलं. सकाळ-संध्याकाळ ढवळायचं. महिनाभर तिची गाडी आमच्याच बाजूला येत राहिली. काम सुरू होण्याआधी ती पाच मिनिटं येऊन काठी फिरवून जायची. एकदा ढवळता ढवळता तिनं विचारलं, ते कुठं बसले होते. मी बोट दाखवलं. तिनं त्या ओळीकडं पाहिलं, पण तिकडं गेली नाही. म्हणाली की एवढ्या लांब विहीर, पाणी प्यायला सुद्धा उठता आलं नसंल. आणि मग लगेच, स्वतःलाच समजावल्यासारखं, पिल्यावर कुठलं उठता येतंय.

अर्क गाळायचा दिवस पितृपंधरवड्यातला होता. गाळायला दोन माणसं लागतात. जुन्या लुगड्याचं फडकं दोघांनी चार टोकांनी धरायचं, सुमन तांब्यानं ओतायची. मध्येच सुमनला घरून हाक आली, ती गेली. आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये ते फडकं, त्यातून हिरवट काळी धार खाली बादलीत पडत होती. हात सोडता येत नव्हते. तोंड फिरवून निघून जाता येत नव्हतं. हिराबाई सांगत होती की परवा त्यांचं पितर घालायचं आहे, दर वर्षी घालते, पण घास तोंडात गोड लागत नाही.

मी म्हणालो, "हिराबाई, कोंडिबा त्या दिवशी प्यायलेला नव्हता."

तिची टोकं तशीच हातात राहिली. मग मी सगळं सांगितलं. तीन टोपणं, दुसरी बाटली, गळका पंप, विहिरीचा कठडा, दवाखान्यात मी उच्चारलेला तो शब्द. सांगताना माझा आवाज अगदी साधा निघत होता, शाळेत एखाद्या पालकाला दाखल्याची माहिती द्यावी तसा. त्याचीच मला भीती वाटली.

धार बारीक होत गेली, मग थेंब पडायला लागले. तिनं विचारलं ते एवढंच. "त्यांनी सांगितलं व्हतं तुमाला? वास येतोय म्हनून?"

"सांगितलं होतं. दोनदा."

तिनं माझ्याही हातातली टोकं घेतली, फडकं पिळलं, शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळलं. तिच्या हातांच्या शिरा तटतटून वर आल्या होत्या. म्हणाली, "आठ वरसं मी त्या मानसाला शिव्या दिल्या. पितरं घातली ती बी रागानं. फोटूला हार घातला न्हाई." मग फडकं बादलीच्या काठावर टाकलं. "मला सांगून तुमचं झालं, असं समजू नका भाऊ. आमच्या लेकीला, मंदीला सांगा. तिच्या सासरी जाऊन सांगा. तिला तिथं दारुड्याची लेक म्हनत्यात."

राखेनं हात धुऊन ती बायकांमध्ये गेली. दिवसभराचं काम तिनं पूर्ण केलं. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

या गोष्टीलाही आता चार वर्षं झाली. अर्क मी दर भादव्यात करतो. त्यानं काही जादू होत नाही. अळी थोडी हटते, थोडी राहते. आठवड्याला फवारावं लागतं, पाऊस आला की पुन्हा. काही फळ पोखरलं जातं, ते मी बांधावर टाकतो. शेजारी हसतात. राव, एक बाटली आणा आणि सुखी व्हा, म्हणतात. मी पंप स्वतःच्या पाठीवर घेतो. तोंडाला फडकं बांधतो, वारा बघतो, ऊन चढायच्या आत संपवतो. त्या ओळीत शिरलो की पाऊल आपोआप हळू पडतं. अजूनही खटखट ऐकू येते. मला वाटलं होतं, खरं बोललो की थांबेल. तसं नसतं. फरक एवढाच, की आता तिच्यामागून ते गुणगुणणंही ऐकू येतं, आणि मी थांबून ते ऐकतो. गाण्याचे शब्द कधीच कळत नाहीत. जिवंत असताना मी त्याला ते विचारले नव्हते.

हिराबाई मागच्या वर्षी घोडेगावच्या बाजारात दिसली. तिनं मला पाहिलं, पाहिल्याचं कळू दिलं आणि तांदळाचं माप घेत राहिली. त्यापेक्षा जास्त मागायचा मला हक्क नाही.

मंदाकडं मात्र त्या वर्षी मी लगेच गेलो नव्हतो. आठ दिवस काढले. कधी पाऊस, कधी शाळेतली तपासणी. सर्वपित्री अमावस्या दोन दिवसांवर आली तेव्हा सुमननं गाडीची चावी आणून माझ्या ताटाशेजारी ठेवली. मी तिला सगळं सांगितलं होतं. ती माझ्याशी त्या आठ दिवसांत कामापुरतंच बोलली.

कळंबला हायवे सोडून आत वळलं की कांद्याच्या चाळी लागतात. मंदाचं घर तिथंच. ती चाळीपुढं बसून कांदा निवडत होती, सडका एका बाजूला, चांगला दुसऱ्या बाजूला. कोंडिबासारखीच बुटकी, घट्ट अंगाची. मी डिंगोऱ्याचा, तुझे वडील माझ्याकडं कामाला होते, असं सांगितलं तर तिचा चेहरा एकदम मिटला. घराकडं एक नजर टाकून तिनं हळूच विचारलं की वडिलांनी काय केलं होतं का.

मी उभ्यानंच सांगितलं. ती मान वर न करता ऐकत होती. हात चालू होते. सडका इकडं, चांगला तिकडं. दुसऱ्या बाटलीपाशी हात मंदावले. दवाखान्यापाशी थांबले. माझं सांगून झालं तेव्हा तिच्या हातात एक कांदा होता आणि तो कुठल्या ढिगात टाकायचा ते तिला ठरवता येत नव्हतं. मला वाटलं, आता ती रडेल किंवा निघून जा म्हणेल. मी दोन्हीसाठी तयार होतो.

ती म्हणाली, "थांबा हितंच."

आत हिंदी मालिकेचा आवाज चालू होता. तो बंद झाला. काही तरी बोलणं झालं, थोडं चढ्या आवाजात. मग मंदा एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन बाहेर आली, ती तिनं सासूसाठी ओट्यावर ठेवली. सासू कपाळाला आठ्या घालून बसली. नवरा दाराला टेकून उभा राहिला, हातात मोबाइल. शेजारच्या घरातली एक बाई काय झालं म्हणून कुंपणाशी आली, तिलाही मंदानं हातानं आत बोलावलं. मला कुणी बसायला सांगितलं नाही.

"आता सांगा काका," मंदा म्हणाली. "पयल्यापासून सांगा. सावकाश सांगा, आत्याबायना कमी ऐकू येतंय."

मी मंदाकडं पाहिलं, थोडा धीर मिळेल म्हणून. पण ती माझ्याकडं बघत नव्हती. भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून ती सासूच्या तोंडाकडं बघत उभी होती. मी बोलायला लागलो.